वेडावाकडा कॅम, शहाणी चाल

दोस्तांनो, घरात पायानं चालवायचं जुनं काळं शिवणयंत्र आहे का? असेल तर आईची किंवा आजीची परवानगी काढा आणि त्याच्यासमोर बसा. सुईतला दोरा आधी काढून टाका. आता हातानं चाक हळूहळू फिरवा. पण बघायचं सुईकडे नाही हं! सुईच्या वर, खाचेतून वरखाली होणारा एक छोटा दांडा दिसतोय ना, ज्याच्या भोकातून दोरा ओवतात, त्याच्यावर नजर ठेवा.

सुई कशी झोपाळ्यासारखी एका लयीत खालीवर होते. हा दांडा मात्र खाली येतो रमतगमत आणि वर जातो झपकन! असं का बरं? सुई कापडाखाली गेली, की तिच्या दोऱ्याचा फास बॉबिनच्या घराभोवती फिरवून आणावा लागतो. तेवढा वेळ दोरा सैल हवा. फास फिरून आला, की तोच सैल दोरा चटकन ओढून टाका आवळायचा. दांडा घाईनं आधीच वर गेला तर दोरा तुटेल, रेंगाळला तर कापडाखाली गुंतवळ होईल.

चाक तर एकसारखं फिरतंय. मग दांड्याला ही लहर कुठून आली? अशा बऱ्याच यंत्रांच्या डोक्यात, झाकणाआड, एक दंडगोल असतो. त्याच्या अंगावर वळणावळणाची खाच कोरलेली असते. दांड्याचा इवलासा रोलर त्या खाचेतून पळतो आणि खाच वळेल तसा दांडा हलतो. ठरलेली चाल करवून घेणाऱ्या अशा आकाराला म्हणतात कॅम, आणि त्याच्या मागोमाग हलतो तो अनुगामी. रोलर लावायचा कारण नुसती खुंटी घासून घासून झिजते. रोलर घासत नाही, लोळतो.

पण हाच रोलर आकार काढणाऱ्याची परीक्षा बघतो! आपण एक सोपा चपटा कॅम काढूनच पाहू. घ्या पुठ्ठा, कंपास आणि कोनमापक. रोलरची त्रिज्या ८ मिलिमीटर धरू, आणि अर्ध्या फेऱ्यात तो २० मिलिमीटर वर चढवू. गंमत अशी, की कागदावर कॅम फिरवत बसायचं नाही. कॅम जागेवर ठेवून रोलरलाच त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालायला लावायचं! मध्यबिंदूपासून दर ३० अंशांवर एक रेघ काढा. पहिल्या रेघेवर ३८ मिलिमीटरवर खूण करा, पुढच्या रेघांवर ३९.३, ४३, ४८, ५३, ५६.७ आणि ५८. उतरताना हेच आकडे उलटे. या खुणा म्हणजे रोलरच्या मध्याची वाट, कॅमची कड नव्हे. आता प्रत्येक खुणेभोवती ८ मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा आणि या सगळ्या वर्तुळांना आतल्या बाजूनं अलगद स्पर्श करणारी वक्ररेषा ओढा. हाच तुमचा कॅम!

‘एवढा खटाटोप कशाला? प्रत्येक रेघेवर आत ८ मिलिमीटर मोजलं की झालं!’ असं कुणी म्हणेल. पण चढावर रोलर कॅमला त्या रेघेवर टेकतच नाही, थोडा बाजूला टेकतो. आपल्या कॅममध्ये चढाच्या मध्यावर हा तिरपेपणा सुमारे १२ अंश येतो. तेवढा चालतो. पण हाच चढ ६० अंशांत उरकायला गेलात, तर तो जवळजवळ ३२ अंश होईल. मग रोलर वर जाण्याऐवजी दांडाच बाजूला रेटला जातो आणि अडकू लागतो. सरळ सरकणाऱ्या दांड्याला साधारण ३० अंशांची मर्यादा पाळतात. उपाय? कॅम मोठा करा, चढ आपोआप सौम्य होतो. घाटातला रस्ता लांबवावा तसा. रोलर मोठा घेऊन मात्र सगळं भागत नाही. त्याच्या मध्याच्या वाटेवर एखादं बाहेर फुगलेलं वळण रोलरच्या त्रिज्येपेक्षाही आखूड असेल, तर वर्तुळं एकमेकांत घुसतात, कॅमचं टोक कापलं जातं आणि ठरवलेली चाल हातची जाते.

आणि आकडे असे विचित्र का? दर रेघेला सारखे ३.३ मिलिमीटर का नाही वाढवायचे? तर मग रोलर थांबलेला असताना एकदम पळू लागेल आणि वर पोचताच एकदम उलटा फिरेल. दोन्ही वेळा दणका! आपले आकडे हळू सुरू होतात, मध्ये जोर धरतात, शेवटी पुन्हा मंदावतात. सारख्या चढाचा कॅम अगदीच टाकाऊ नाही बरं का. तो दिसतो बदामासारखा. लांबट बॉबिनच्या काही जुन्या यंत्रांत बॉबिन भरताना दोरा इकडून तिकडे सारखा पसरायला तोच असतो. तिथे काम संथ, म्हणून दणका सोसतो.

वेग वाढला की मात्र खेळ बदलतो. कॅम दुप्पट वेगानं फिरवा, दांडा हलवायला लागणारं बल चौपट होतं! त्यातून खाचेत रोलरला थोडी मोकळीक ठेवावीच लागते, म्हणून दिशा बदलताना तो एका भिंतीवरून दुसरीवर आपटतो. जुनं यंत्र टकटक वाजतं त्याचं हेही एक कारण. कपड्यांच्या कारखान्यांत मिनिटाला ५००० टाक्यांपर्यंत धावणारी यंत्रं असतात. तिथे दोरा ओढायला खाचेचा कॅम न ठेवता दांड्याला दांडे जोडून तीच संथ-झटपट चाल साधलेली असते.