मधल्या ‘नि’चा घोळ

मुलगा जिमला जायला लागतो आणि महिनाभरात घरात पांढऱ्या पावडरीचा डबा येतो. तेव्हापासून आईच्या जिवाला घोर. पुढे ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट येतो: सीरम क्रिएटिनिन १.४, शेजारी ‘हाय’. आई चष्मा लावून डब्यावरचं नाव वाचते, मग रिपोर्टमधलं वाचते. डबा माळ्यावर जातो.

आईचं फारसं चुकलेलं नाही. ‘क्रिएटिन किडनी खातं’ हा सगळ्यात चिवट गैरसमज बऱ्याच अंशी मधल्या एका ‘नि’मुळे टिकून आहे. क्रिएटिन आपल्या स्नायूंत असतंच; सत्तर किलोच्या माणसात साधारण १२० ग्रॅम. त्यातलं रोज दीड-दोन टक्के आपोआप क्रिएटिनिन बनतं, रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं ते लघवीवाटे काढून टाकतात. मूत्रपिंडं थकली की ते रक्तात साचतं, म्हणून डॉक्टर ते मोजतात. पण सिंकमध्ये पाणी वर आलं की पाइप तुंबलाय असंच नसतं, नळही मोठा सोडलेला असू शकतो. क्रिएटिन घेणाऱ्याच्या किंवा पिळदार अंगाच्या माणसाच्या रक्तात मूत्रपिंडं ठणठणीत असतानाही आकडा थोडा चढलेला दिसतो. निरोगी माणसांनी ठरलेल्या मात्रेत क्रिएटिन घेतल्यावर मूत्रपिंडांना इजा झाल्याचं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही.

म्हणून डॉक्टरांपासून डबा लपवू नये. त्यांना माहीत असेल तर ते पावडर काही आठवडे थांबवून पुन्हा तपासणी करतील, किंवा स्नायूंवर फारसं अवलंबून नसलेली सिस्टॅटिन सी ही चाचणी सांगतील. अर्थात मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल, मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल, गरोदरपण असेल, तर विचारल्याशिवाय चमचा उचलूच नये.

दुसरा आरोप स्टेरॉइडचा. तो बिनबुडाचा. १८३२ साली शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला क्रिएटिन मांसात सापडलं. आपलं शरीर स्वतःच रोज सुमारे एक ग्रॅम तयार करतं आणि किलोभर मांस-मासळीतून चारेक ग्रॅम मिळतं. खेळांतल्या उत्तेजकांवर नजर ठेवणाऱ्या ‘वाडा’ या जागतिक संस्थेच्या बंदी यादीत क्रिएटिन नाही. गंमत म्हणजे डब्यातली पावडर मांसातून काढलेली नसते. सार्कोसिन आणि सायनामाइड या रसायनांपासून कारखान्यात बनते. शाकाहारी माणसाच्या स्नायूंत साठा मुळात कमी असल्यामुळे त्याला फरक बऱ्याचदा जास्तच जाणवतो. कॅप्सूल घेणार असाल तर मात्र जिलेटिन बघा.

केस गळण्याची भीती २००९च्या एका अभ्यासातून आली. दक्षिण आफ्रिकेतल्या वीस रग्बीपटूंमध्ये डीएचटी हे केसगळतीशी जोडलं जाणारं संप्रेरक वाढलेलं दिसलं. केस कुणी मोजलेच नव्हते! २०२५ मध्ये बारा आठवड्यांच्या चाचणीत केस प्रत्यक्ष तपासले, तेव्हा फरक आढळला नाही. सुरुवातीला वजन एक-दोन किलो वाढतं ते खरं, पण ते मुख्यतः स्नायूंत शिरलेलं पाणी.

फायद्याबद्दलचे गैरसमजही कमी नाहीत. नुसती पावडर खाऊन दंड फुगत नाहीत. स्नायू जोर लावतात तो एटीपी या इंधनावर, आणि पहिल्या दहाएक सेकंदांत तो संपत आला की क्रिएटिनचा साठा तो पटकन भरून देतो. म्हणून दहा बैठका निघत होत्या तिथे अकरा-बारा निघतात; दिवसेंदिवस केलेल्या त्या जादा बैठकांनी ताकद वाढते. सिंहगड चढायला याचा विशेष उपयोग नाही. वजनं उचलून व्यायाम करणाऱ्या साठीपुढच्या माणसांनाही स्नायू आणि ताकद राखायला थोडी मदत होते, हे मात्र आपल्याकडे फार कुणी सांगत नाही.

रोज तीन ते पाच ग्रॅम पुरे. पहिले पाच-सात दिवस वीस-वीस ग्रॅमचं ‘लोडिंग’ केलं तर साठा आठवड्यात भरतो, नाहीतर महिनाभरात. मला तरी घाईचं कारण दिसत नाही, कारण मोठ्या मात्रेने पोट बिघडतं.

तेव्हा माळ्यावरचा डबा खाली काढायचा झालाच तर आधी त्यावरचा एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि घटकांची यादी वाचा. साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट एवढंच लिहिलेलं असलं की झालं. महागडे प्रकार त्याहून सरस ठरलेले नाहीत. गार पाण्यात ते नीट विरघळत नाही, तळाशी रांगोळीसारखं बसतं. कोमट पाण्यात ढवळा.