कांदाचाळीत बिनतारी संवेदक : मांडणी आणि वापर

एप्रिल-मे महिन्यांत निघणारा रब्बी हंगामाचा कांदा चाळीत भरला जातो आणि नवे खरीप पीक बाजारात येईपर्यंत, म्हणजे साधारणतः ऑक्टोबर अखेरपर्यंत, देशाची गरज मुख्यतः याच साठ्यातून भागते. मात्र चाळीत भरलेला सर्व कांदा बाजारापर्यंत पोहोचत नाही. चार-पाच महिन्यांच्या पारंपरिक साठवणुकीत वजनातील घट, सड आणि कोंब येणे या तीन कारणांनी मिळून ४० टक्क्यांपर्यंत तूट येणे नवलाचे मानले जात नाही. भाव वाढण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचा नफा अनेकदा चाळीतच संपतो. भावस्थिरीकरण निधीतून राखीव साठा करणाऱ्या केंद्र सरकारपुढेही हीच अडचण असते. २०२३-२४ मध्ये हे राखीव साठ्याचे उद्दिष्ट ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर नेण्यात आले होते.

या तुटीमागे चाळीतील उष्णता आणि दमटपणा यांचा मोठा वाटा असतो. या दोन्हींची नोंद चोवीस तास ठेवणारी छोटी बिनतारी उपकरणे आता अल्पभूधारकांनाही परवडू लागली आहेत. तथापि, उपकरण विकत घेऊन खांबाला टांगले म्हणजे काम झाले, असे नाही. चुकीच्या जागी बसवलेला संवेदक अजिबात नसलेल्या संवेदकापेक्षा अधिक नुकसान करू शकतो, कारण त्याच्या आकड्यावर विश्वास ठेवला जातो.

सामान्य हवेशीर चाळीत कांदा २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता या मर्यादेत चांगला टिकतो. आर्द्रता याहून खूप खाली गेली की कांद्यातील पाणी उडते, पापुद्रे सुटतात आणि वजन घटते. ती वर गेली की काळी बुरशी आणि सड वाढते. शीतगृहात शून्य ते दोन अंशांवरही कांदा टिकतो. पण बाहेर काढल्यावर त्याला लवकर कोंब फुटतात. या दोहोंमधील तापमान, साधारणतः ५ ते २० अंश, हे कोंबांना सर्वाधिक पोषक असते.

उपकरणाची रचना साधी आहे. तापमानासाठी त्यात उष्णतेनुसार विद्युतरोध बदलणारा घटक असतो. आर्द्रतेसाठी दोन विद्युत-पट्ट्यांमध्ये पॉलिमरचा अतिशय पातळ थर असतो. हा थर हवेतील बाष्प शोषतो व सोडतो, आणि त्यानुसार पट्ट्यांची विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलते. हा बदल टक्केवारीत रूपांतरित करून रेडिओ लहरींद्वारे ग्राहक यंत्राकडे पाठवला जातो. साधारण दर्जाच्या उपकरणात तापमानाची अचूकता अर्ध्या अंशाच्या आसपास आणि आर्द्रतेची दोन ते तीन टक्क्यांच्या आसपास असते. चाळीसाठी एवढी अचूकता पुरेशी आहे.

तापमान आणि आर्द्रता एकत्रच का मोजावी लागते, हे समजून घेणे आवश्यक आहे. सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत प्रत्यक्ष असलेले बाष्प आणि त्या तापमानाला हवेत मावू शकणारे बाष्प यांचे प्रमाण. हवा थंड झाली की तिची बाष्पधारणक्षमता घटते. दुपारी ३२ अंशांवर ६० टक्के आर्द्रता असलेली हवा चाळीत कोंडून राहिली आणि रात्री २६ अंशांपर्यंत उतरली, तर बाष्पाचा एक कणही न वाढता तिची आर्द्रता सुमारे ८५ टक्के होते. हीच हवा सुमारे २३ अंशांपर्यंत थंड झाली तर दव पडते. पत्र्याच्या छपराच्या आतील बाजूस पहाटे दिसणारे थेंब हेच असतात आणि ते थेट ढिगावर पडतात. दुपारी एकदा चाळीत जाऊन आकडा पाहणाऱ्यास यातील काहीच दिसत नाही.

संवेदक बसवण्यापूर्वी त्याची घरच्या घरी पडताळणी करता येते. बाटलीच्या झाकणात खाण्याचे मीठ घेऊन त्यावर पाण्याचे काही थेंब टाकावेत. मीठ ओले व्हावे, विरघळू नये. हे झाकण आणि संवेदक हवाबंद डब्यात ठेवावेत. दोहोंचा एकमेकांस स्पर्श होऊ देऊ नये. डबा उन्हापासून दूर, एकाच तापमानात दहा-बारा तास ठेवल्यावर आतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर स्थिरावते. संवेदक ७९ दाखवत असेल तर त्याच्या प्रत्येक नोंदीतून चार वजा करण्याची खूणगाठ बांधावी. सर्व संवेदक एकाच डब्यात तपासले तर त्यांच्यातील परस्पर फरकही कळतो. रंग, डांबर वा कीटकनाशक यांच्या वाफांनी हा पॉलिमर बिघडतो. म्हणून चाळीत धुरळणी करायची असल्यास संवेदक आधी बाहेर काढणे इष्ट.

जागेची निवड हा या सर्वातील निर्णायक भाग होय. २५ टनांच्या चाळीसाठी चार संवेदक पुरेसे ठरतात. त्यांपैकी दोन ढिगाच्या आत, मध्यभागी, निरनिराळ्या कप्प्यांत असावेत. कांदा सजीव असतो, श्वसन करतो आणि उष्णता बाहेर टाकतो. चार-साडेचार फूट उंचीच्या ढिगाच्या पोटात ही उष्णता साचते. तिसरा संवेदक ढिगाच्या वर, छपराखाली, पण पत्र्याला न टेकता असावा. चौथा चाळीबाहेर, सावलीत, पाऊस न लागेल अशा ठिकाणी असणे अत्यावश्यक आहे. पैसे वाचवण्यासाठी नेमका हाच वगळला जातो आणि मग तुलनेला काहीच उरत नाही.

ढिगातील संवेदकांबाबत एक अडचण हमखास येते. वेष्टनावर शंभर मीटरचा पल्ला छापलेला असतो. प्रत्यक्षात दहा मीटरवरूनही संदेश येत नाही. छापलेला पल्ला मोकळ्या मैदानातील असतो. कांद्यात ८५ टक्क्यांहून अधिक पाणी असते आणि पाणी रेडिओ लहरी शोषून घेते. वाय-फाय व ब्लूटूथ वापरतात त्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी यात अधिक क्षीण होतात. यावर उपाय असा, की तारेच्या टोकाला मोजणी करणारा भाग असलेले उपकरण घ्यावे. टोक ढिगात, तर प्रक्षेपक आणि बॅटरी बाहेर खांबावर. टोकाभोवती छिद्रे असलेली प्लॅस्टिकची नळी बसवल्यास कांद्याचा दाब व सालपटांची धूळ यांपासून बचाव होतो. घर चाळीपासून दूर असल्यास ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातील उपकरणे अधिक उपयोगी पडतात. हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी भारतात २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. परदेशातून मागवलेली ९१५ मेगाहर्ट्‌झची उपकरणे मात्र टाळावीत. त्या परिसरातील लहरी येथे मोबाईल सेवेला दिलेल्या आहेत.

नोंदीचे अंतर पंधरा मिनिटे ठेवावे. चाळीतील हवा मिनिटामिनिटाला बदलत नाही. वारंवार संदेश पाठवल्याने केवळ बॅटरी लवकर संपते. ग्रामीण भागातील वीजकपात लक्षात घेता, वीज नसताना नोंदी स्वतःच्या स्मृतीत साठवणारे उपकरण निवडणे हिताचे आहे.

यानंतर प्रश्न उरतो तो आकडे वाचण्याचा. पावसाळ्यात बाहेरची हवा नेहमीच अधिक दमट असते, हा समज पूर्णतः बरोबर नाही. पाऊस उघडल्यावर आणि वारा सुटल्यावर दुपारी बाहेरची आर्द्रता आतल्यापेक्षा बरीच खाली येते. त्या चार-पाच तासांत बाजूचे पडदे उघडावेत आणि सायंकाळी बाहेरचा आकडा चढू लागताच पाडावेत. मात्र तुलना करताना दोन्हीकडील तापमान पाहणे विसरू नये. बाहेर आतल्यापेक्षा उष्ण आणि तेवढ्याच टक्क्यांची हवा असेल, तर तिच्यात प्रत्यक्ष बाष्प अधिक असते. एका कप्प्यातील तापमान शेजारच्या कप्प्यापेक्षा दोन-तीन अंशांनी वर जाऊन तेथील आर्द्रताही चढत राहिली, तर तेथे सड सुरू झाल्याची शक्यता असते. तेवढाच कप्पा उघडून खराब कांदा वेचून काढल्यास संपूर्ण चाळ उपसण्याची मजुरी वाचते.

काढणीनंतर शेतात व नंतर सावलीत नीट न सुकवलेला, मान जाड राहिलेला कांदा उत्तम हवेतही सडतो. एन-२-४-१ किंवा भीमा किरण यांसारखे टिकाऊ वाण आणि घाईने भरलेला खरीप कांदा यांतील फरकही संवेदकाला कळत नाही. सडीचा पहिला वास अनुभवी शेतकऱ्याला कित्येकदा आकड्यांच्या आधी येतो, आणि चाळीत रोज एक फेरी मारण्याची जुनी सवय मोडण्याचे काहीच कारण नाही.

नोव्हेंबरच्या सुमारास बाहेरचा संवेदक रात्री १५ अंश दाखवू लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत ढिगातील तापमानही २० अंशांखाली उतरते. कोंबांचा हंगाम येथून सुरू होतो. त्याआधी कांदा बाजारात जाणे श्रेयस्कर. चाळ रिकामी झाल्यावर संवेदक कोरड्या ब्रशने स्वच्छ करून, बॅटरी काढून ठेवावेत आणि एप्रिलमध्ये नव्या कांद्यात घालण्यापूर्वी मिठाच्या डब्यात पुन्हा तपासावेत.