गोळ्यांचा हिशेब आणि सात खणांची डबी

देशाला स्वातंत्र्य मिळाले तेव्हा भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते ७० वर्षांच्या आसपास आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु आयुष्य वाढले तशी औषधेही वाढली. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, थायरॉइड, संधिवात हे आजार आठ दिवसांत बरे होणारे नव्हेत. ते माणसाच्या सोबतीला राहतात आणि त्यांच्या गोळ्याही सोबत राहतात. साठी ओलांडलेले माणूस असलेल्या कोणत्याही घरात फ्रिजवर किंवा उशाशी एक प्लॅस्टिकची पिशवी हमखास दिसते. तीत पाच-सहा तऱ्हेच्या अर्धवट कापलेल्या स्ट्रिप्स, शासकीय रुग्णालयाचा केसपेपर आणि एखादी सुटी गोळी असते. ती गोळी कशाची, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

या पिशवीतील औषध योग्य वेळी आणि योग्य मात्रेत पोटात जाते काय? जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. विकसित देशांतसुद्धा दीर्घकाळच्या आजारांत औषधे सांगितल्याप्रमाणे घेण्याचे प्रमाण सरासरी ५० टक्केच असून, विकसनशील देशांत ते त्याहून कमी आहे, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे डॉक्टर मिळाले, औषध मिळाले, पैसेही खर्च झाले. पण शेवटच्या दोन हातांच्या अंतरात निम्मे काम वाया गेले. हे अंतर कमी करणाऱ्या एका साध्या वस्तूची, गोळ्यांच्या खणाच्या डबीची, माहिती प्रस्तुत लेखात द्यावयाची आहे.

चुका कशा होतात?

पहिली चूक विसरण्याची. ती सर्वांना ठाऊक आहे. दुसरी चूक दुबार घेण्याची, आणि ती अधिक धोक्याची आहे. रोज तीच कृती केली की आजचे घेणे आणि कालचे घेणे मनात एकमेकांत मिसळते. आमच्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांनी न्याहारीच्या वेळी मधुमेहाची गोळी घेतली. थोड्या वेळाने "घेतली की नाही?" अशी शंका आली, म्हणून पुन्हा घेतली. दुपारी त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले आणि बोलणे असंबद्ध झाले. रक्तातील साखर फार उतरली होती. वेळीच दवाखान्यात नेल्याने ते वाचले. त्यांचे शिक्षण कमी नव्हते आणि निष्काळजीपणाही नव्हता. शंकेचे निरसन करील असा पुरावा मात्र त्यांच्यासमोर नव्हता.

तिसरी चूक नावांची. एकच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात. एका दवाखान्यातून आणलेली गोळी आणि दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली गोळी नावाने वेगळी, पण आतून एकच, असे पुष्कळदा घडते. स्ट्रिपवरील नाव बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरांत आणि चकचकीत कागदावर छापलेले असते. ज्या आजीला मराठी अक्षरही वाचता येत नाही, ती रंगावरून गोळी ओळखते. दुकानदाराने कंपनी बदलली की रंग बदलतो आणि आजीचे सारे गणित चुकते.

डबीचे स्वरूप

आपल्या स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा असतो. एका डब्यात सात वाट्या. मोहरी कोणती, हळद कोणती हे न शोधता हाताला लागते. गोळ्यांची डबीही त्याच तत्त्वावर चालते. फरक इतकाच, की येथे सात खण सात जिनसांचे नसून सात वारांचे असतात. दिवसातून एकदाच औषध असेल तर सात खणांची डबी पुरते. सकाळ-रात्र असेल तर चौदा खणांची आणि तीन वेळा असेल तर एकवीस खणांची घ्यावी. काही डब्यांत प्रत्येक दिवसाची पट्टी सुटी निघते आणि ती खिशात किंवा पर्समध्ये ठेवता येते. साध्या डब्या औषधांच्या दुकानात शंभर-दीडशे रुपयांपासून मिळतात. हाताला संधिवात असणाऱ्यांनी झाकण सहज उघडते की नाही हे दुकानातच पाहावे.

ही डबी कोणाला आठवण करून देत नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. तिचे काम पुरावा ठेवण्याचे आहे. मंगळवारचा सकाळचा खण रिकामा, म्हणजे गोळी घेतली. भरलेला, म्हणजे राहिली. मी बँकेत नोकरी करतो. तेथे दिवसअखेर रोकड मोजून ताळा घेतात. "मला आठवते, मी दिले होते" हे कोणी ऐकून घेत नाही. आठवणीवर हिशेब चालत नाही, तो डोळ्यांना दिसावा लागतो. पैशाला जो नियम आपण लावतो, तोच शरीरात जाणाऱ्या औषधालाही लावावा.

ही कल्पना आली कोठून?

अमेरिकेत १९६० साली संततिनियमनाची गोळी मान्य झाली. प्रारंभी ती बाटलीतून सुटी मिळे. इलिनॉय राज्यातील डेव्हिड वॅग्नर नावाच्या अभियंत्याच्या पत्नी ती गोळी घेत असत, आणि आज घेतली की नाही यावरून घरात वारंवार प्रश्न उभा राही. वॅग्नर यांनी कागदावर वार लिहून प्रत्येक वारावर एक गोळी मांडून ठेवली. त्यातूनच पुढे वार दाखवणारी गोल डबी त्यांनी तयार केली. १९६२ साली त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६४ साली ते मिळाले. आपल्याकडील माला-डी या पाकिटातही २८ गोळ्या असतात. त्यांतील २१ संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या. शेवटच्या सात दिवसांत संप्रेरकाची गरज नसते, तरीही रोजची सवय मोडू नये आणि लोहही मिळावे, अशी ही योजना आहे.

हेच तत्त्व सार्वजनिक आरोग्याच्या मोठ्या कामातही उपयोगी पडले. कुष्ठरोगावर पूर्वी वर्षानुवर्षे डॅप्सोन ही एकच गोळी दिली जाई आणि जंतू तिला दाद देईनासे झाले होते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्यातील काही औषधे महिन्यातून एकदा, तर काही रोज घ्यावयाची होती. हा गुंता सामान्य रुग्णाला पेलावा म्हणून २८ दिवसांचे पाकीट काढण्यात आले. पहिल्या दिवसाची मोठी मात्रा आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायची आणि उरलेल्या २७ दिवसांच्या गोळ्या ओळीने घरी घ्यायच्या. अक्षर न वाचता येणाऱ्या माणसालाही पाकिटाकडे पाहून आपण कोठवर आलो हे कळे.

क्षयरोगाच्या बाबतीत १९९७ पासूनच्या सुधारित राष्ट्रीय कार्यक्रमात प्रत्येक रुग्णाच्या नावाने संपूर्ण उपचाराच्या औषधांचा स्वतंत्र खोका ठेवला जाई, म्हणजे मध्येच साठा संपून उपचार खंडित होऊ नये. पुढे काही ठिकाणी अशी पाकिटे वापरात आली, की गोळी काढल्यावर तिच्या मागे दडलेला फोन क्रमांक दिसावा आणि रुग्णाने त्यावर फुकट फोन करून औषध घेतल्याची नोंद द्यावी. साधने बदलली, परंतु गोळी काढल्यावर राहणारी रिकामी जागा हीच नोंद, हे तत्त्व बदलले नाही.

डबी कशी भरावी?

डबीचा फायदा तोटा सारा भरण्यावर अवलंबून आहे. चुकीची भरलेली डबी तीच चूक सात दिवस करीत राहते. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात.

१) आठवड्याचा एक वार ठरवावा. दिवसाच्या उजेडात, हात धुऊन व कोरडे करून, स्वच्छ ताट समोर घेऊन बसावे. एका वेळी एकाच आठवड्याचे औषध भरावे.

२) डॉक्टरांची चालू चिठ्ठी समोर ठेवावी. चिठ्ठीवर १-०-१ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ०-०-१ म्हणजे केवळ रात्री. जेवणापूर्वी की जेवणानंतर, हेही पाहावे. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते. ती न्याहारीनंतरच्या गोळ्यांत मिसळू नये.

३) एका वेळी एकच औषध घेऊन ते सातही दिवसांच्या खणांत टाकावे आणि मग दुसरे औषध उघडावे. सर्व स्ट्रिप्स एकदम उघडून बसल्यास गोंधळ होतो.

४) शेवटी ताळा घ्यावा. सकाळच्या प्रत्येक खणात चार गोळ्या हव्यात तर सातही खणांत चारच आहेत ना, हे मोजावे. शक्य असल्यास एकाने भरावे आणि दुसऱ्याने तपासावे.

५) डबीसोबत एक कार्ड ठेवावे. त्यावर प्रत्येक औषधाचे मूळ नाव, किती मिलिग्रॅम, गोळीचा रंग व आकार, आणि कोणत्या आजारासाठी, हे मराठीत लिहावे. वाचता न येणाऱ्यांसाठी सकाळच्या खणावर सूर्य आणि रात्रीच्या खणावर चंद्र काढावा.

६) स्ट्रिप्स फेकू नयेत. नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत जपावा. दुकानदार अर्धी स्ट्रिप कापून देत असेल, तर ही माहिती आपल्या तुकड्यावर आहे काय, ते पाहून घ्यावे.

७) डॉक्टरांनी औषध बदलले की डबी पूर्ण रिकामी करून नव्याने भरावी.

डबी विकत घेणे जमत नसेल तर सात छोट्या कोऱ्या कागदी पाकिटांवर वार लिहूनही काम भागते.

डबीत काय ठेवू नये?

सर्व औषधे डबीसाठी नसतात. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरिनची गोळी हवा लागून निष्प्रभ होते. ती मूळ बाटलीतच, पण हाताशी असावी. फिटवरील सोडियम व्हॅल्प्रोएट ओलावा शोषून घेते. पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्या, पातळ औषधे आणि इन्शुलिन यांचाही येथे प्रश्न येत नाही. "गरज पडली तरच" घ्यायच्या गोळ्या रोजच्या खणात टाकू नयेत. संधिवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेल्यास जिवावर बेतते, म्हणून ती भरताना दुसऱ्याने तपासणे अत्यावश्यक समजावे.

काही जण स्ट्रिपचा तुकडा कापून गोळीसकट खणात टाकतात. ज्यांची दृष्टी मंद आहे त्यांच्या बाबतीत हे करू नये. धारदार कडांचा तुकडाच गिळला जाण्याचा धोका असतो. त्याऐवजी खणात "बाटलीतील औषध" अशी चिठ्ठी ठेवावी. कोणते औषध मूळ वेष्टनातच ठेवायचे, हे औषध दुकानातील फार्मासिस्टला विचारावे.

डबी न्हाणीघरात, चुलीजवळ किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नये. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात उघडी गोळी लवकर नरम पडते. शिवाय या डब्या बहुधा लहान मुलांना सहज उघडता येतात. आजोबांच्या रक्तदाबाची किंवा आईच्या लोहाची गोळी लहानग्याला घातक ठरू शकते, म्हणून डबी मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर असावी.

डॉक्टरांना सांगणे आवश्यक

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. समजा, रुग्ण निम्म्याच गोळ्या घेत होता. रक्तदाब उतरत नाही असे पाहून डॉक्टरांनी मात्रा वाढवली. आता डबी आली आणि सर्व गोळ्या नेमाने पोटात जाऊ लागल्या, तर रक्तदाब किंवा साखर एकदम उतरून चक्कर येणे, पडणे असे प्रकार होऊ शकतात. इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली या धोक्याकडे लक्ष वेधले. म्हणून डबी सुरू करण्यापूर्वी "आजवर किती गोळ्या चुकत होत्या" हे डॉक्टरांना खरे खरे सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

तसेच एखादा खण भरलेला आढळला, तर पुढच्या वेळी दोन्ही मिळून घेऊ नयेत. चुकलेल्या मात्रेचे काय करायचे, हे प्रत्येक औषधाबाबत डॉक्टरांना आधीच विचारून कार्डावर लिहून ठेवावे. ज्यांची स्मृती फारच क्षीण झाली आहे, त्यांच्या हाती आठवड्याची डबी देऊ नये. घरातील माणसाने ती आपल्याकडे ठेवून वेळच्या वेळी एकेक खण द्यावा.

प्रवासाला किंवा लग्नकार्याला जाताना डबी हातातल्या पिशवीत ठेवावी, कारण सामान मागे राहू शकते. सोबत चिठ्ठीची प्रत आणि दोन-तीन दिवसांचे जादा औषध स्ट्रिपसह असावे. परदेशी जाताना मात्र औषधे मूळ वेष्टनातच न्यावीत.

विद्यार्थ्यांना विनंती

दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला देण्यासाठी आमच्या काउंटरपुढे रांगेत उभे राहतात. दाखल्याचे कागद काढताना पुष्कळांच्या पिशवीतून गोळ्यांच्या पुड्याही बाहेर येतात. यांतील अनेकांनी स्वतः अक्षर न गिरवता मुलानातवंडांना शिकवले. ज्यांच्या कष्टावर आपण इंग्रजी वाचायला शिकलो, त्यांच्याच स्ट्रिपवरचे नाव त्यांना वाचून दाखवणारे घरात कोणी नसावे, हे बरे नव्हे.

म्हणून मंडळाच्या विद्यार्थी सभासदांना एवढीच विनंती, की प्रत्येकाने आपल्या घरातील, नसल्यास शेजारच्या, एका वृद्ध व्यक्तीची डबी भरण्याचे काम अंगावर घ्यावे. चिठ्ठी वाचावी, कार्ड लिहावे, खण मोजावेत आणि गेल्या आठवड्यात कोणते खण भरलेले राहिले ते पाहून त्यामागचे कारण आपुलकीने विचारावे. गोळी संपली होती, पैसे नव्हते, की ती घेतल्यावर मळमळत होते? भरलेला खण पाहून हे विचारता येते आणि उत्तर डॉक्टरांपर्यंत पोहोचवता येते. या कामाला आठवड्यातून पंधरा मिनिटे पुरतात.