फौजेतून घरी आल्यावर

सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. पडलेल्या जवानांची आठवण गाव ठेवते, ते योग्यच आहे. पण नोकरी पुरी करून घरी येणारे जवान त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. त्यांचे पुढे काय होते? त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. म्हणून आज तेच बोलू.

आधी वयाचा हिशेब करा. आम्ही शाळेतून ५८ व्या वर्षी बाहेर पडलो. तेव्हा आमची मुले मार्गाला लागली होती. शिपाईगडी मात्र ३५ ते ४० च्या सुमाराला घरी येतो. त्याचा थोरला शाळेत असतो, धाकटी नुकती पाटी धरू लागलेली असते. आईबाप थकलेले असतात. म्हणजे पगार थांबतो आणि खर्च वाढतो.

पेन्शन मिळते ना? मिळते. निदान १५ वर्षे नोकरी झालेली असेल, तर शिपायाला पेन्शन बसते. ती साधारण शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी असते. तिच्यावर महागाई भत्ता मिळतो. पण यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. जवानाला आपली निम्म्यापर्यंत पेन्शन सरकारला विकता येते आणि तिचे एकरकमी पैसे घेता येतात. समजा, पेन्शन २०,००० रुपये आहे. निम्मी विकली, तर दरमहा १०,००० कमी येतात. महागाई भत्ता मात्र पुऱ्या २०,००० वर मिळतो. विकलेला भाग १५ वर्षांनी पुन्हा सुरू होतो. तोवर त्या रकमेवर भागवायचे असते.

आता ही रक्कम हातात आली, की काय होते? पाहुणे येतात! कोणाला मुलीच्या लग्नाला उसने हवे असतात, कोणाला ट्रॅक्टरला. एखादा चुलता जुना बांध उकरून काढतो आणि कोर्टाची पायरी चढायला लावतो. आमच्या शाळेत शिकलेली पुष्कळ मुले फौजेत गेली. त्यांतल्या काहींचे पैसे दोन वर्षांत संपलेले आम्ही पाहिले. म्हणून आमचे सांगणे असे, की घरी येताच मोठा खर्च करू नका. सहा महिने पैसे पोस्टात किंवा बँकेत राहू द्या. नवराबायकोने बसून विचार करा, मग हात घाला.

बायकोचे नाव घेतले ते उगीच नाही. पंधरा-सतरा वर्षे घर तिने चालवलेले असते. शेत, गुरे, सासूसासऱ्यांचे दुखणे, मुलांची शाळा, सगळे तिने पाहिलेले असते. धनी रजेवर यायचा, तेव्हा तो पाहुणाच होता. आता तो कायमचा येतो आणि पलटणीसारखे हुकूम सोडू लागतो. पोरे बावरतात. तोही मनात खट्टू होतो, की आपले कोणी ऐकत नाही. रात्री झोप लागत नाही, कोणी बाटली जवळ करतो. अशा माणसाला हसू नये. डॉक्टरला दाखवावे. निवृत्त जवानांच्या औषधपाण्यासाठी २००३ सालापासून ईसीएचएस नावाची योजना आहे. तिचे दवाखाने आहेत, बायकोलाही तिचा लाभ मिळतो.

कामाचे म्हणाल, तर फौजेत माणूस नुसता बंदूक चालवायला शिकत नाही. कोणी मोठी गाडी चालवतो, कोणी इंजिन दुरुस्त करतो, कोणी बिनतारी यंत्र सांभाळतो, कोणी दवाखान्यात मलमपट्टी करतो. हे हुन्नर गावात आणि शहरात चालतात. पण त्यांचा कागद हवा. सुटण्याच्या आधीच पुढच्या कामाचे शिक्षण फौजेतर्फे मिळते. ते घ्यावे, टाळू नये. आमच्या राज्यात सरकारी नोकरीच्या खालच्या वर्गांत, म्हणजे गट क आणि गट ड यांत, माजी सैनिकांना १५ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे लागते. बँकेच्या दारात पहारेकरी म्हणून उभे राहणे वाईट नाही. पण इंजिन जाणणाऱ्या माणसाने तेवढ्यावरच थांबावे, हे आम्हांला बरे वाटत नाही.

ज्यांचे हातपाय गेले, त्यांचे काय? सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर फौजेत मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या लढाईत त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. ते पाण्यात उतरले, पोहायला शिकले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक सामन्यांत ५० मीटर पोहण्यात त्यांनी सोन्याचे पदक मिळवले. पुण्यात टेल्को कारखान्यात नोकरीही केली. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडले. केवढा हा उशीर! पुण्याजवळ खडकीला जायबंदी जवानांसाठी दोन संस्था आहेत. क्वीन मेरी संस्था १९१७ साली मुंबईत निघाली आणि पुढे खडकीला आली. तिथे जवानांना धंदेशिक्षण देतात. दुसरी १९७४ ची, ती अंग लुळे पडलेल्यांना सांभाळते.

गावासाठी काय करता येते, त्याचा दाखला पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत आहे. अण्णा हजारे फौजेत गाडी चालवीत. १९७५ साली ते परतले. गावात पाऊस कमी आणि दारूच्या भट्ट्या पुष्कळ. त्यांनी पदरचे पैसे घालून पडके यादवबाबाचे देऊळ नीट केले. तेव्हा लोक जमू लागले. मग श्रमदानाने नाले अडवले, झाडे लावली, विहिरींना पाणी आले. दारुड्यांना खांबाला बांधून फटके मारल्याचेही त्यांनी स्वतः सांगितले आहे. ते आम्हांला पटत नाही. पण एका माणसाने आधी स्वतःचे पैसे घातले, म्हणून गाव त्याच्या मागे गेले, हे खरे.

आता नवी गोष्ट. २०२२ सालापासून भरती झालेली पोरे अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी जातात. त्यांतली जास्तीत जास्त चौथाई पुढे कायम होतात. बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात, पेन्शन नाही. पहिली तुकडी २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला दाखल झाली. तिची चार वर्षे २०२६ च्या शेवटी आणि २०२७ च्या आरंभी भरतात. बाविशी-पंचविशीची पोरे, हातात रोख पैसा आणि पुढे सारे आयुष्य. त्यांच्या आईबापांनी आतापासूनच पुढच्या कामाचे बोलायला हवे.

शेवटी कागदांचे सांगतो, कारण तुम्हाला आता वाचता येते. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम, ओळखपत्र, लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद, हे सगळे पेटीत एकत्र ठेवा. ते बायकोलाही वाचून दाखवा. पेन्शनच्या कागदात 'कुसुम' आणि आधार कार्डावर 'कुसुमबाई', असा फरक असेल तर आजच दुरुस्त करा. धनी गेल्यावर त्या एका अक्षरापायी बाईला वर्षभर हेलपाटे पडतात. पेन्शन चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकवू नका. २०२० सालापासून माजी सैनिकाच्या घराची घरपट्टी माफ आहे. त्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज करावा आणि सोबत सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडावा.