बायबलमधली गोष्ट सुटी नसते

दावीदाची गोफण, योनाचा मासा, दानिएलाचे सिंह. संडे स्कूलमध्ये ऐकलेल्या या गोष्टी आयुष्यभर लक्षात राहतात. पण सुट्या सुट्या. गैरसमज होतात ते त्यामुळेच.

गैरसमज : बायबल हा बोधकथांचा संग्रह आहे.
वस्तुस्थिती : प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके आहेत, जुन्या करारात ३९, नव्यात २७. ख्रिस्ती श्रद्धेनुसार त्या साऱ्यांतून एकच कथा पुढे सरकते. देवाची सृष्टी, माणसाचे पतन, अब्राहामाला दिलेले अभिवचन, ख्रिस्ताद्वारे तारण आणि शेवटी नवी सृष्टी.

गैरसमज : दावीद आणि गल्याथाची गोष्ट फक्त धाडस शिकवते.
वस्तुस्थिती : पहिल्या शमुवेलात ही लढाई १७व्या अध्यायात येते. त्याआधीच, १६व्यात, बेथलेहेमच्या या मेंढपाळ पोराचा राजा म्हणून अभिषेक झालेला आहे. सारे सैन्य भेदरलेले असताना देवाचा अभिषिक्त त्यांच्या वतीने एकटा लढतो आणि विजय सगळ्यांचा होतो. लढाई परमेश्वराची आहे, असे दावीद स्वतःच सांगतो. ख्रिस्ती वाचकाला इथे येशूची चाहूल लागते.

गैरसमज : योनाची गोष्ट माशाची आहे.
वस्तुस्थिती : चार अध्यायांच्या या पुस्तकात मासा मोजक्याच वचनांत येतो. खरा पेच शेवटी आहे. शत्रूचे निनवे शहर वाचले म्हणून योना रुसून बसला आहे, सावलीचा वेल वाळल्याने चिडला आहे. वेलासाठी तू हळहळतोस, मग एक लाख वीस हजारांहून अधिक माणसांची मी कीव करू नये का, असे देव विचारतो. पुस्तक त्याच प्रश्नावर संपते. पृथ्वीवरील सर्व कुळांना आशीर्वाद मिळेल, हे अब्राहामाला दिलेले अभिवचन आठवले की या प्रश्नाचे वजन कळते.

गैरसमज : मग प्रत्येक तपशिलात ख्रिस्त शोधायचा.
वस्तुस्थिती : नाही. दावीदाच्या पाच गोट्यांना पाच गूढ अर्थ चिकटवू नयेत. वल्हांडणाच्या कोकऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा ख्रिस्ताशी संबंध पौलाने करिंथकरांच्या पहिल्या पत्रात स्वतः जोडला आहे. आधी गोष्ट तिच्या जागी वाचावी, मग पुढचा धागा धरावा.

आज रूथचे पुस्तक वाचून पाहा. चारच अध्याय आहेत. शेवटची वंशावळ मात्र गाळू नका. ती दावीदापाशी थांबते आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायात येशूपर्यंत पोहोचते. तिथे रूथचेही नाव आहे.