तार आणि भोपळा

बालाघाटला माझ्या थोरल्या बहिणीचे घर आहे. पूर्वी गोंदियाहून तिकडे जायचे म्हणजे अरुंद रुळांवरची छोटी गाडी, कोळशाची कुसळे डोळ्यांत आणि पोचेपर्यंत सदऱ्याचा रंग बदललेला. आता रूळ रुंद झाले आहेत, गाडी लवकर पोचवते आणि खिडकीतून पाहण्यासारखे काही दिसू लागते न लागते तोच स्टेशन येते. १९५६ साली प्रांतांची नवी मांडणी झाली तेव्हा शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे वैनगंगेकाठच्या या गावातील मराठी घरांत अजूनही ओसरीवर हिंदी आणि स्वयंपाकघरात मराठी चालते.

यंदा दिवाळीनंतर गेलो, तो भाचीने रात्री जेवणे आटोपल्यावर दोन कागद माझ्यापुढे ठेवले. पोरगी नागपुरास राहून मानसशास्त्रात एम. ए. झाली आहे; शाळा-कॉलेजात हॉकीही बरी खेळलेली. एक कागद मनोरुग्णांवरील उपचारांच्या पुढील शिक्षणाचा होता, दुसरा खेळाच्या मानसशास्त्राचा. "मामा, तुम्ही सांगा, कोणता भरू?" भाऊजी म्हणाले, "यात गाणाऱ्याला काय कळणार?" ताई काही बोलली नाही. ती का बोलली नाही, हे मला ठाऊक होते.

वाचकांना गंमत वाटेल, पण या दोन्ही रस्त्यांची दारे आपल्या ग्वाल्हेरीतच आहेत. राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय येथे १९५७ साली निघाले. आज ती विद्यापीठाच्या दर्जाची संस्था आहे आणि खेळाडूच्या मनाचा अभ्यास तेथे शिकवला जातो. मानसिक आरोग्यशाळा तर त्याहून जुनी, शिंदे सरकारच्या अमदानीतली, १९३५ ची. पहिल्या आवारासमोरून जाताना आपण मुलांना बोट दाखवून सांगतो, "बघ, येथे खेळाडू घडतात." दुसऱ्यासमोरून जाताना मात्र आपण विषय बदलतो.

भाचीने फरक नीट समजावून सांगितला. 'चिकित्सा मानसशास्त्रज्ञ' अशी पाटी लावायची तर ठरलेले शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत नाव लागते. हा १९९२ चा कायदा. रोग ओळखायचा, उपचार करायचे, गरज पडली तर औषध देणाऱ्या डॉक्टरकडे पाठवायचे. खेळाच्या सल्लागाराचे काम निराळे. चांगल्या खेळाडूचे लक्ष ऐन वेळी ढळू नये, श्वास ताब्यात राहावा, नेम धरताना मागची चूक आठवू नये, एवढे साधून द्यायचे. यासाठी आपल्याकडे तशी वेगळी सरकारी नोंदवही नाही. त्यामुळे त्या रस्त्यावर थोर माणसेही भेटतात आणि चार दिवसांचा वर्ग करून आलेलेही.

थोरांपैकी एक तर आपलेच मराठी. नाशिकचे कैलासवासी भीष्मराज बाम पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि पुढे खेळाडूंच्या मनाचे शिक्षक झाले. राहुल द्रविड, अंजली भागवत अशी मंडळी त्यांच्याकडे जात. योगातील एकाग्रतेचा विचार त्यांनी मैदानापर्यंत नेला. २०१७ साली ते गेले. त्यांच्या कामाबद्दल मला फार आदर आहे, कारण मी स्वतः तीच खटपट लहान प्रमाणात रोज करतो. माझ्या वर्गातली मुले घरी सुरेख गातात आणि परीक्षकांपुढे बसली की षड्जच हलतो. ती आजारी नसतात. त्यांना आदल्या दिवशी रिकाम्या रंगमंचावर नेऊन बसवावे, श्वास मोजायला लावावा, पहिला सा हलकेच लावू द्यावा. दहांपैकी आठ मुले एवढ्याने सावरतात.

मी तसे म्हणालो. तेव्हा भाचीने खरी गोष्ट सांगितली. तिच्या बरोबरीने खेळणारी एक मुलगी गेल्या वर्षी चेंडू चुकवू लागली. प्रशिक्षक म्हणाले, हिंमत खचली आहे. भाचीने पुस्तकात वाचलेले सारे तिला शिकवले. श्वास, डोळे मिटून गोल पाहणे, स्वतःशी बोलणे. मुलगी पुढच्या सामन्यात अशी खेळली की लोकांनी तिला खांद्यावर घेतले. पंधरा दिवसांनी ती घराबाहेर पडेनाशी झाली. कित्येक महिने ती रात्री झोपतच नव्हती, हे नंतर कळले. "मामा, मी तिला विचारलेच नव्हते. खेळ सुधारला, म्हणून मला वाटले ती सुधारली."

ताई उठून आत गेली.

आमचे नाना अगदी कोवळ्या वयात दरबारात लागले आणि थोड्याच वर्षांनी, १९४८ साली, संस्थान मध्य भारतात विलीन झाले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा, त्यामुळे दरबार मी फक्त त्यांच्या बोलण्यात पाहिला. पण ते बोलतच कमी. वर्षातून दोनदा-तीनदा असे दिवस येत की ते भिंतीकडे तोंड करून बसत, ताट तसेच परत जाई, तंबोऱ्याची गवसणी आठ-आठ दिवस निघत नसे. आई म्हणे, "गवयाचा स्वभाव असतो." स्नेही म्हणत, "बुवांना बैठक मिळत नाही, म्हणून कष्टी आहेत." खरी अडचण अशी की बैठक मिळाली की ते उत्तम गात! हात थरथरत नसे, आवाज फाटत नसे, तोडी अशी मांडीत की म्हाताऱ्या श्रोत्यांचे डोळे भरत. मग कोण म्हणणार की या माणसाला काही झाले आहे?

मी सतरा वर्षांचा असताना त्यांची एक बैठक मीच खटपट करून घरी लावली. ते दोन तास गायले. लोक गेल्यावर मी आईला म्हणालो, "बघ, नाना बरे झाले." त्यानंतर त्यांनी तंबोरा हातात घेतला नाही, पुढे सहा वर्षे होते. आरोग्यशाळा आमच्या घरापासून टांग्याने अर्ध्या तासावर होती. तिकडे न्यावे, हे आम्हा कुणाच्या मनातही आले नाही. आले असते, तर लोक काय म्हणतील हेही लगेच आले असते.

आता नानांसारखी माणसे स्वतःच बोलू लागली आहेत. २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळवणारे नेमबाज अभिनव बिंद्रा यांनी पुढे जाहीरपणे सांगितले की मनाचे सर्वांत मोठे संकट आपल्यावर आले ते पदक मिळाल्यानंतर. आणि परवा, ३० ऑक्टोबर २०२५ रोजी, नवी मुंबईत जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढून विश्वचषकाचा उपांत्य सामना जिंकून दिला. त्यानंतर तिने सांगितले की त्या स्पर्धेत चिंतेने ती जवळजवळ रोज रडत होती. धावफलकावर यातले काही दिसत नाही.

भाचीला मी माझ्या भाषेत सांगितले. तंबोऱ्याची तार उतरली तर गवई खुंटी पिळतो, जवारीचा दोरा सरकवतो. ते आपले काम. भोपळ्याला चीर गेली असेल तर कितीही जुळवा, घटकाभर बोलेल आणि पुन्हा बसेल. तो मिरजेला, करणाऱ्याकडेच न्यावा लागतो. मला तार जुळवता येते. चीर ओळखता आली नाही. तू आधी चीर ओळखायला शीक. जुळवणे नंतर शिकता येते, आणि तू मैदानावर वाढलेली आहेस, तुला ते लवकर येईल.

तिने मान हलवली नाही. म्हणाली, "पण मामा, चीर गेलेला माणूस दवाखान्यात येतोच कुठे? नाना आले असते? ते बैठकीला आले. माझी मैत्रीणही मैदानावरच आली होती."

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते, अजूनही पुरते नाही. भाऊजी, जे मघापासून वर्तमानपत्रात तोंड घालून होते, ते म्हणाले, "मग तेथे शिकून येथे बैस की!" मँगनीजच्या खाणीत हिशेब लिहिण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना हे सुचले, गाणाऱ्याला सुचले नाही.

तिने उपचारांचा कागद भरला. त्यात चौथ्या पानावर 'हा विषय का निवडलात' असा प्रश्न होता. तेथे ती बराच वेळ अडून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैत्रिणीला घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या मनकक्षात गेली. मुलीची आई बाहेरच्या बाकावर पदर डोक्यावर ओढून बसली होती, कुणी ओळखीचे दिसू नये म्हणून. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो.