खुन्यांच्याच दप्तरातला पुरावा

सरकारच जेव्हा गुन्हेगार असते, तेव्हा गुन्ह्याचा पंचनामा कोणी करायचा, हा मानवी हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनांपुढचा सर्वांत अवघड प्रश्न आहे. कारण तक्रार नोंदवून घेणारा, तपास करणारा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लिहिणारा हे सगळे त्याच यंत्रणेचे नोकर असतात. अर्जेंटिनात २४ मार्च १९७६ रोजी जनरल होर्हे राफाएल व्हिदेला यांच्या नेतृत्वाखालील लष्करी मंडळाने सत्ता बळकावली, आणि १९८३च्या अखेरीपर्यंत चाललेल्या त्या राजवटीत व तिच्यानंतर तिथल्या नागरिकांनी या प्रश्नाचे जे उत्तर शोधले, ते पुढे अनेक देशांना उपयोगी पडले.

त्या राजवटीची रीत अशी होती की साध्या वेशातील सशस्त्र टोळी घरात शिरे, माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला उचलून नेई, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाणे, लष्करी छावणी किंवा मंत्रालय यांपैकी कोणीही असा माणूस आपल्याकडे असल्याचे मान्य करीत नसे. आंतरराष्ट्रीय कायद्यात यालाच ‘बळजबरीने बेपत्ता करणे’ म्हणतात. सरकारी यंत्रणेने किंवा तिच्या संमतीने कोणी माणसाला पकडणे आणि मग त्याच्या ठावठिकाण्याबद्दल कानांवर हात ठेवणे, हे दोन्ही घटक त्यात असावे लागतात. उघड खुनापेक्षा हा गुन्हा राज्यकर्त्यांना अधिक सोयीचा, कारण प्रेत नाही म्हणून खून नाही, अटकेची नोंद नाही म्हणून कैदी नाही, आणि घरच्यांना धड सुतकही पाळता येत नाही.

३० एप्रिल १९७७ रोजी अशा बेपत्ता मुलांच्या काही आया ब्युनॉस आयर्समध्ये अध्यक्षीय प्रासादासमोरच्या ‘प्लाझा दे मायो’ या चौकात जमल्या. जमावाने उभे राहण्यास बंदी असल्यामुळे पोलिसांनी त्यांना चालते व्हायला सांगितले, तेव्हा त्या खरोखरच चौकाला फेऱ्या घालीत चालू लागल्या. त्यांचे पांढरे रुमाल पुढे जगभर ओळखले गेले, परंतु या आया आणि इतर नातेवाईक करीत असलेले दुसरे काम तितके प्रसिद्ध नाही: ते न्यायालयात हजारोंनी हेबियस कॉर्पसच्या याचिका, म्हणजे ताब्यातील माणसाला न्यायाधीशांपुढे हजर करा अशी मागणी करणारे अर्ज, दाखल करीत होते. त्या जवळजवळ सगळ्या फेटाळल्या गेल्या. तरीही प्रत्येक फेटाळलेल्या याचिकेमागे तारीख, शिक्का, अपहरणाचे ठिकाण आणि साक्षीदारांची नावे असलेली एक फाइल उरली. ज्यांची स्वतःची मुलगी पळवली गेली होती ते वकील एमिलियो मिन्योने यांनी इतर पालकांसह १९७९मध्ये ‘सेल्स’ ही संस्था उभारून अशी कागदपत्रे पद्धतशीर जमवायला घेतली. त्याच वर्षी आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाचे पथक देशात आले, तेव्हा तक्रारी देण्यासाठी लोकांच्या रांगा लागल्या. ज्या न्यायालयात हे सारे कधी सिद्ध होईल ते तेव्हा कुठे अस्तित्वातच नव्हते, आणि तरीही पुरावा त्याच्यासाठीच जमवला जात होता.

लोकशाही परतल्यावर अध्यक्ष राउल आल्फोन्सिन यांनी लेखक एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्याने सप्टेंबर १९८४मध्ये दिलेल्या अहवालात बेपत्ता झालेल्या सुमारे ९,००० माणसांची आणि ३४० गुप्त छळछावण्यांची नोंद केली. मात्र याच काळात एक मोठी हानीही होत होती. निनावी कबरी उकरण्याचे आदेश सुटले, पण मजूर आणि यंत्रे लावून झालेल्या त्या उकरणीत एकाची हाडे दुसऱ्यात मिसळली, कवट्या फुटल्या, गोळ्या मातीत हरवल्या, म्हणजे न्यायाच्या उत्साहातच पुरावा नष्ट होऊ लागला. १९८४मध्ये आलेले अमेरिकी न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ क्लाइड स्नो यांनी ही उकरणी थांबवायला सांगितले. हाडांवरून वय, लिंग, जुन्या जखमा आणि मृत्यूचे कारण ठरवणारे हे शास्त्र त्यांनी पुरातत्त्व, मानवशास्त्र आणि वैद्यक शिकणाऱ्या काही स्थानिक विद्यार्थ्यांना शिकवले. प्राचीन वस्तीचे उत्खनन जसे थराथराने होते, तसे हे विद्यार्थी करणी, ब्रश आणि चाळणी घेऊन अगदी अलीकडच्या कबरी उघडू लागले, आणि त्यातूनच ‘अर्जेंटिनाचे न्यायवैद्यक मानवशास्त्र पथक’ जन्माला आले. १९८५मध्ये लष्करशहांवर खटला चालला, तेव्हा स्नो यांनी न्यायालयापुढे एका तरुणीच्या अस्थींची छायाचित्रे ठेवून सांगितले की ती मृत्यूपूर्वी बाळंत झाली होती. कटीच्या हाडावरील खुणा हा प्रसूतीचा निर्विवाद पुरावा मानावा की नाही याबद्दल पुढे शास्त्रज्ञांत मतभेद झाले खरे, पण या बाबतीत निष्कर्ष खरा ठरला. तिचा मुलगा २००८मध्ये सापडला.

कबरी कुठे शोधायच्या, हे मात्र हाडांनी सांगितले नाही, ते नोंदवह्यांनी सांगितले. गुप्त छावणीतला खून कितीही गुप्त असला, तरी प्रेत एकदा दफनभूमीच्या फाटकाशी आले की कारकुनाची लेखणी चालू होते: मृत्यूचा दाखला, खड्ड्याचा क्रमांक, आणि नाव माहीत नसल्याचे दर्शवणारी ‘एन. एन.’ ही अक्षरे. यंत्रणेच्या एका हाताने मारले आणि दुसऱ्या हाताने सवयीने नोंद केली.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आयांच्या संघटनेचेच आहे. डिसेंबर १९७७मध्ये नौदलाचा अधिकारी आल्फ्रेदो आस्तिस याने बेपत्ता माणसाचा भाऊ असल्याचे सोंग करून त्यांच्यात शिरकाव केला आणि संस्थापक असुसेना व्हिजाफ्लोर यांच्यासह तीन आया, दोन फ्रेंच जोगिणी व इतर मिळून बारा जणांना पकडून दिले. त्याच महिन्यात समुद्रकिनाऱ्यावर काही प्रेते लागली. स्थानिक डॉक्टरांनी ती उंचावरून कठीण पृष्ठभागावर आपटल्याचे लिहून ठेवले आणि खेनेराल लाव्हाजे येथील दफनभूमीत ती निनावी पुरली गेली. २००५मध्ये न्यायवैद्यक मानवशास्त्र पथकाने अस्थी व डीएनए तपासून व्हिजाफ्लोर आणि त्यांच्या सोबतिणींची ओळख पटवली. अस्थिभंगही डॉक्टरांच्या नोंदीशी जुळणारे होते. पुढे छळछावणीतून वाचलेल्या पत्रकार मिरियम लेविन आणि छायाचित्रकार जानकार्लो चेराउदो यांनी त्या काळातले एक विमान फ्लोरिडात शोधून काढले. त्याच्या उड्डाणनोंदींत १४ डिसेंबर १९७७ची एक रात्रफेरी होती, जी कुठेही न उतरता निघाल्या ठिकाणीच परतली होती. कैद्यांना बेशुद्ध करून विमानातून समुद्रात फेकले जात असे, हे नौदल अधिकारी आदोल्फो सिलिंगो यांनी १९९५मध्ये कबूल केलेच होते. २०१७च्या निकालात या उड्डाणासाठी दोन वैमानिकांना जन्मठेप झाली.

मधली चाळीस वर्षे सरळ नव्हती. १९८६ व १९८७च्या कायद्यांनी खटले थांबवले आणि नंतर अध्यक्ष कार्लोस मेनेम यांनी शिक्षा झालेल्या सेनानींनाही माफी दिली. एकच फट उरली होती: कैदेत जन्मलेली बाळे पळवून परस्पर दत्तक देण्याचा गुन्हा त्या माफीत बसत नव्हता. अशा सुमारे ५०० बालकांचा शोध घेणाऱ्या आज्यांच्या संघटनेने शास्त्रज्ञांकडे विचारणा केली की आईबाप हयात नसताना आजीच्या रक्तावरून नातवंड ओळखता येईल का, आणि मेरी-क्लेअर किंग यांच्यासारख्या आनुवंशशास्त्रज्ञांनी ते शक्य केले. १३०हून अधिक नातवंडे सापडली आहेत. याच गुन्ह्यासाठी व्हिदेला १९९८मध्ये पुन्हा पकडले गेले आणि २०१२मध्ये त्यांना पन्नास वर्षांची शिक्षा झाली. सगळ्या आयांना मात्र हे मार्ग पटले नव्हते. त्यांच्यातल्या एका गटाने उत्खननाला विरोधच केला, कारण अस्थी स्वीकारल्या की मारेकरी ठरण्याआधीच मृत्यू मान्य केल्यासारखे होते. हा आक्षेप भावनेच्या भरातला म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

कागदावर बोट ठेवण्याची हीच पद्धत पंजाबात जसवंतसिंग खालडा यांनी वापरली. पोलिसांनी बेवारस म्हणून जाळलेल्या प्रेतांच्या नोंदी आणि त्यासाठी लागलेल्या लाकडाचा हिशेब त्यांनी अमृतसरच्या स्मशानांतून गोळा केला. सप्टेंबर १९९५मध्ये त्यांचे अपहरण होऊन खून झाला व त्याबद्दल पुढे पोलिसांना शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने केलेल्या तपासात अशा २,०९७ प्रेतांची नोंद झाली. बेपत्ता करण्याविरुद्धच्या २००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारताने सही केली आहे, परंतु त्याला अनुमोदन देऊन तो स्वतःवर बंधनकारक केलेला नाही.

अर्जेंटिनात वाद उरला आहे तो आकड्याचा. संघटना ३०,००० म्हणतात, विरोधक आयोगाच्या ९,०००वर बोट ठेवतात, आणि भीतीने ज्यांच्या घरच्यांनी तक्रारच केली नाही त्यांची मोजदाद आयोगाला करता येणे शक्य नव्हते, ही गोष्ट सोयीस्कर विसरली जाते. लष्कराच्या स्वतःच्या गुप्तचर विभागाने १९७५पासून जुलै १९७८पर्यंत मृत आणि बेपत्ता मिळून २२,००० असा हिशेब केला होता. तो चिलीच्या एका हस्तकाने आपल्या वरिष्ठांना पत्राने कळवला, आणि त्याची कागदपत्रे उजेडात आली ती ब्युनॉस आयर्समध्ये त्याच लष्करी राजवटीने त्याच्यावर भरलेल्या हेरगिरीच्या खटल्याच्या दप्तरातून.